पैठणला थांबणारा चिखल, गौतमीला खचणारा किनारा

मराठवाड्यात बंगालच्या उपसागराचे नाव पावसाळ्यात दर चार दिवसांनी कानावर पडते. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले म्हटले की उघडीप संपणार, माना टाकलेले सोयाबीन उभे राहणार, असा हिशेब मांडला जातो. तो बहुधा खराही ठरतो, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात इथे पडणाऱ्या मोठ्या पावसातला बराचसा अशाच पश्चिमेकडे सरकणाऱ्या क्षेत्रांचा असतो. उपसागराकडून आपल्याकडे काय येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथून तिकडे काय जाते आणि काय जायचे थांबले, त्याचे हे प्रकरण.

थोडक्यात स्थिती अशी. गोदावरीतून समुद्राला मिळणारा तरंगता गाळ १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन होता. १९९० ते १९९८ या काळात तो ५ कोटी ७२ लाख टनांवर आला. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत आंध्रातल्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाची समुद्राकडची निव्वळ १,८३६ हेक्टर जमीन लाटांनी नेली, म्हणजे दरसाल ७३ हेक्टरांच्या आसपास. आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले २४ फेब्रुवारी १९७६ रोजी. तारखा इतक्या जुळतात की धरणाने किनारा खाल्ला, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. त्यातले थोडे खरे आहे, बरेचसे चुकीचे आहे. चुकीचे निदान धरले तर उपायही चुकीचा निघतो, म्हणून आधी नदीत नेमके काय वाहते ते वेगळे करून पाहावे लागते.

उपसागर आणि त्यातली गोदावरी

बंगालचा उपसागर हा जगातला सर्वांत मोठा उपसागर. क्षेत्र सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, सरासरी खोली अडीच हजार मीटरहून जास्त. त्याच्या तळावर हिमालयातून आलेल्या गाळाचा पंखा पसरला आहे. तो दक्षिणेकडे सुमारे ३,००० किलोमीटर जातो आणि काही ठिकाणी त्याची जाडी १६ किलोमीटरच्या घरात आहे. जगात एवढा मोठा गाळाचा ढीग दुसरा नाही.

अरबी समुद्राशी तुलना केली की उपसागराचा स्वभाव कळतो. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, नद्या कमी, म्हणून पृष्ठभागाची क्षारता हजारी ३६च्या आसपास असते. उपसागरात पाऊस आणि नद्या मिळून एवढे गोडे पाणी ओततात की उत्तरेकडे पावसाळ्यात ती ३०च्याही खाली जाते. हलके गोडे पाणी वर, जड खारे पाणी खाली, मध्ये जणू झाकण. वारा हे झाकण सहज घुसळू शकत नाही. त्यामुळे खालची पोषकद्रव्ये वर येत नाहीत आणि वरचा थर तापलेलाच राहतो. मराठवाड्याला पाऊस देणारी कमी दाबाची क्षेत्रे या तापलेल्या थरावर पोसली जातात.

या सगळ्यात गोदावरीचा वाटा किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लांबी १,४६५ किलोमीटर, खोरे ३,१२,८१२ चौरस किलोमीटर, वर्षाचे पाणी सुमारे ११० अब्ज घनमीटर. गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून याच्या दहापट पाणी आणि अब्जभर टन गाळ आणतात. अख्ख्या उपसागराच्या मापाने गोदावरी लहान आहे. काकिनाड्याच्या आखातापुरते, कोरिंगाच्या खारफुटीपुरते, गौतमी आणि वसिष्ठा या फाट्यांच्या मुखापुरते पाहिले तर मात्र ती सर्वस्व आहे. समुद्र-संवर्धनाचे निर्णय याच लहान मापावर घ्यायचे असतात.

नाथसागर गाळ कसा धरतो

जायकवाडीच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२.७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा ७६.६ टीएमसी, मृतसाठा २६ टीएमसी. पूर्ण भरल्यावर पाण्याखाली जवळपास ३५० चौरस किलोमीटर क्षेत्र जाते. भागाकार केला तर सरासरी खोली आठेक मीटर निघते. मोठ्या धरणाच्या मानाने हे ताटच म्हणायचे.

आता गाळ बसण्याचा वेग पाहा. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला आठ-नऊ मिलिमीटर खाली जातो. आठ मीटर उतरायला त्याला पाव तास पुरतो. २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण दिवसाला जेमतेम ३० सेंटीमीटर उतरतो, त्याला त्याच आठ मीटरना सत्तावीसेक दिवस लागतात. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या तर काम आणखी लवकर होते. नाथसागरात पाणी महिनोन्‌महिने थांबते. त्यामुळे वाळू फुगवट्याच्या तोंडाशी, बारीक माती मधल्या भागात आणि सर्वांत बारीक चिकण भिंतीजवळ बसते. जिथे धरणाची क्षमता वर्षभराच्या येव्याइतकी किंवा त्याहून मोठी असते, तिथे आलेल्या गाळापैकी ९५ टक्क्यांहून जास्त आतच राहतो, हा धरणशास्त्रातला जुना आणि पुन:पुन्हा पडताळलेला नियम आहे. ज्या वर्षी सांडव्यातून पाणी सुटतच नाही त्या वर्षी जवळजवळ सगळाच राहतो.

इथेच 'दरवाजे उघडा, गाळ जाऊ द्या' ही सूचना कोसळते. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत, पण ते सांडव्याच्या माथ्यावर आहेत. ते उघडले की वरचे, त्यातल्या त्यात निवळलेले पाणी जाते. तळाचा चिखल जागचा हलत नाही. तो हलवायला तळाशी मोठी निर्गमद्वारे हवीत आणि जलाशय जवळपास रिकामा करून नदीसारखा वाहता ठेवायला हवा. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचे पिण्याचे पाणी ज्या साठ्यावर आहे, त्याच्याबाबतीत हे कुणी सुचवणारही नाही.

निवळलेले पाणी खाली सुटले की त्याचा वेगळा त्रास होतो. गाळ नसलेल्या पाण्याची वाहण्याची ताकद शिल्लक असते, मग ते पैठणच्या खालचा तळ आणि काठ कुरतडते. मोठ्या विसर्गानंतर काठच्या शेतांचे ढलपे नदीत पडतात, ते नुसत्या पुराच्या उंचीमुळे नव्हे.

चिखल वेगळा, वाळू वेगळी

या प्रकरणाचा कणा हा आहे.

गोदावरीचे सुमारे निम्मे खोरे दख्खनच्या बेसाल्टवर आहे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ नसते. तो कुजला की काळी चिकणमाती होते. ती पाण्यात तरंगते आणि दूर जाते. किनाऱ्याची पुळण मात्र क्वार्ट्झच्या वाळूची असते. ती येते खालच्या भागातल्या जुन्या ग्रॅनाइट-नाइस आणि वालुकाश्मांच्या प्रदेशातून, प्राणहितेच्या पूर्वेकडच्या भागातून, बस्तरच्या इंद्रावतीतून आणि ओडिशाच्या शबरीतून. क्षेत्रफळानेही हेच दिसते. पैठणपर्यंतचे पाणलोट २१,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे खोऱ्याच्या ७ टक्के. एकट्या प्राणहितेचे १,०९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे ३५ टक्क्यांच्या आसपास.

तेव्हा गौतमीच्या मुखाशी पुळण खचते त्याचा जाब पैठणला विचारण्यात फारसा अर्थ नाही. तिथे धवळेश्वरचा बंधारा आहे, राजमहेंद्रीच्या आसपासचा वाळूउपसा आहे, बंदरांचे धक्के आहेत. पूर्व किनाऱ्यावर वाळू लाटांबरोबर एकंदरीत उत्तरेकडे सरकते. वाटेत धक्का आला की ती त्याच्या दक्षिणेला साठते आणि उत्तरेचा किनारा उपाशी राहतो. शिवाय त्रिभुज प्रदेशाचा गाळ स्वत:च्या वजनाने दबत असतो. वरून नवा थर आला नाही तर जमीन खाली जाते आणि समुद्र वर येतो.

मराठवाड्याचा खरा वाटा चिखलात आहे. तो चिखलही सगळा जायकवाडीत अडतो असे नाही. मांजरेवरचे निजामसागर १९३१ साली झाले. बीड, लातूर, धाराशिवच्या रानांतून आलेल्या मातीने चाळीसेक वर्षांत त्याची निम्म्याहून अधिक क्षमता खाल्ली. तेलंगणातल्या श्रीरामसागराची मूळ क्षमता ११२ टीएमसी होती, १९९४च्या मोजणीत ती ९० टीएमसी भरली. आपल्या बांधावरून गेलेली माती कुठे गेली, याचे उत्तर शोधायला उपसागरापर्यंत जावेच लागत नाही.

चार हजार वर्षांची उधारी

एक प्रश्न राहतो. १९७०च्या दशकातले १५ कोटी टन हे 'नैसर्गिक' म्हणायचे का?

गोदावरीच्या मुखासमोर, १,२६८ मीटर खोल समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळीचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गाळ बेसाल्टचा की जुन्या खडकांचा, हे त्यातल्या निओडिमियमच्या समस्थानिकांवरून ओळखता येते. तरुण बेसाल्टची खूण वेगळी, अब्जावधी वर्षांच्या नाइसची वेगळी. निष्कर्ष असा की सुमारे ४,००० वर्षांपूर्वी पाऊसमान कोरडे झाल्यावर समुद्रात येणाऱ्या गाळाचे प्रमाण खूप वाढले आणि त्यात दख्खनचा वाटा मोठा होत गेला. झाडोरा विरळ झाला आणि त्याच सुमारास दख्खनमध्ये ताम्रपाषाणयुगीन शेती पसरली. पैठणजवळच्या आपेगावला त्या काळातल्या वस्तीचे उत्खनन झालेले आहे. ज्ञानेश्वरांचे आपेगाव म्हणून ते गाव आपल्याला माहीत असते, नांगरटीच्या एवढ्या जुन्या इतिहासासाठी नव्हे.

म्हणजे त्रिभुज प्रदेश ज्या गाळावर वाढला त्यातला मोठा भाग दख्खनच्या शेतांची झीज होती. जुना आकडा परत आणणे हे उद्दिष्ट ठेवले तर मराठवाड्याने माती वाहू द्यावी असे म्हणावे लागेल. बांधबंदिस्ती, समतल चर, जालन्यातल्या कडवंचीसारख्या गावाने केलेले पाणलोटाचे काम, हे सगळे मग किनाऱ्याच्या विरोधात ठरते. हा निष्कर्ष मूर्खपणाचा आहे. पण बारा-पंधरा कोटी टनांच्या भाषेत बोलणारे लोक नकळत तोच मांडत असतात.

समुद्राशी या भागाचे नाते गाळापुरते कधीच नव्हते. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीला 'तिसमुदतोयपीतवाहन' म्हटले आहे, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो. त्यातला एक समुद्र उपसागराचा. दोन शिडांच्या जहाजाची छाप असलेली सातवाहनांची शिशाची नाणी पूर्व किनाऱ्यावर सापडतात. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी माहितीपत्रात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असल्याचे सांगितले आहे आणि तिथे किनारपट्टीच्या प्रदेशांतूनही माल येतो असा उल्लेख आहे. तेरचे पाणी तेरणेतून मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत जाते. माल आणि माती एकाच दिशेच्या वाटा धरून होते. पुढे १७६६च्या तहाने निजामाने 'उत्तर सरकार' नावाचा पूर्व किनाऱ्याचा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीला दिला आणि समुद्र मराठवाड्याच्या नकाशातून गेला. तो आजवर फक्त हवामानाच्या बातम्यांत परतला आहे.

कोरिंगा: चिखल पोचतो तिथे

गौतमी फाट्याच्या उत्तरेला कोरिंगा अभयारण्य आहे. १९७८ साली घोषित, क्षेत्र २३५.७ चौरस किलोमीटर. समोर होप बेट नावाचा वाळूचा लांब दांडा आहे, गेल्या दोनेकशे वर्षांत नदीच्या वाळूने उत्तरेकडे वाढवलेला. त्याच्या आडोशाला काकिनाड्याचे उथळ आखात. वाळूचा दांडा लाटा अडवतो आणि मागच्या शांत पाण्यात चिखल बसतो. त्या चिखलावर तिवर, गेवा, कांदळ उभे राहतात. दोन्ही मालांचे काम वेगळे, पण एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही. या दांड्यावर आणि आसपासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, खारफुटीत मासेमार मांजर राहते.

खारफुटी इथे शोभेची नाही. याच कोरिंगा बंदरावर १७८९ आणि १८३९ साली वादळाने समुद्र चढला आणि भरभराटीचे गाव संपले. १७८९च्या त्या वादळाचे वर्णन करताना वादळांचे अभ्यासक हेन्री पिडिंग्टन यांनी 'सायक्लोन' हा शब्द वापरात आणला, असे सांगतात. तसे असेल तर आज जगभर वापरला जाणारा तो शब्द गोदावरीच्या मुखावरचा आहे.

नापीक झालेल्या खारफुटीचे पुनर्वसन इथे एका सोप्या पद्धतीने झाले, ती समजून घेण्यासारखी आहे. सरसकट तोड झाली की उघडा चिखल उन्हाने आटतो, दबतो आणि मधोमध बशीसारखा खोलगट होतो. भरतीचे पाणी आत शिरते पण बाहेर निघत नाही. ते आटून मीठ इतके वाढते की बी रुजत नाही. अशा जागी रोपे लावत बसणे म्हणजे पैसा पाण्यात, आणि अनेक ठिकाणी तो तसा गेलाही आहे. उपाय चर खणण्याचा. खाडीपासून एक मुख्य चर, त्याला दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत जोडलेले उपचर, माशाच्या काट्यासारखे. भरती-ओहोटी सुरू झाली की मीठ धुऊन जाते, मग चरांच्या काठाने रोपे लावायची. बिघाड कुठे होतो? चराच्या तोंडाशी गाळ साचतो आणि दोन-तीन वर्षांत बशी पुन्हा बशी होते. लागवडीला निधी मिळतो, चर उपसायला मिळत नाही. शेततळ्यांचा अनुभव असलेल्यांना हे नवे वाटणार नाही.

नदीच्या वरच्या टोकाशी समुद्राचा संबंध तुटल्याची सर्वांत जुनी खूण मात्र माशांची आहे. पावसाळ्यात उपसागरातून गोदावरीत चढणारा हिलसा तिथे 'पुलसा' म्हणून ओळखला जातो. मंगळसूत्र विकावे लागले तरी पुलसा खावा, अशी तेलुगूत म्हणच आहे. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ दरम्यान धवळेश्वरला बंधारा घातला तेव्हापासून त्याची वाट तिथेच अडते. गोदावरीतली मोठी नदी-कोळंबीही अशीच. तिच्या पिल्लांना वाढायला मचूळ पाणी लागते. अंडी घेऊन खाली जाणे आणि वर परतणे, दोन्ही वाटा बंद झाल्यावर ती वरच्या नदीतून हटत जाते. नाथसागरात आज जाळ्यात येते ते बरेचसे सोडलेल्या बीजाचे, नाहीतर चिलापी.

चिकण खोल समुद्रात काय करते

उपसागरात शंभर ते चारशे मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. अरबी समुद्रातल्या अशा पट्ट्यात जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करतात आणि समुद्राची पोषकद्रव्ये उडून जातात. उपसागरात हे मोठ्या प्रमाणात होत नाही. अगदी लेशमात्र उरलेला ऑक्सिजन त्याला रोखून धरतो, हे २०१६ साली मोजून दाखवले गेले. तो लेश का उरतो याचे एक पटण्यासारखे कारण नद्यांची माती हे आहे. मेलेले प्लवक चिकणमातीच्या कणांशी बांधले गेले की जड होऊन भराभर तळाला जाते. मधल्या पट्ट्यात सडून ऑक्सिजन खायला ते थांबत नाही. माती इथे वजनाचे काम करते.

माती कमी आणि नत्र जास्त, हे मिश्रण म्हणून धोक्याचे. धरण माती धरते, पाण्यात विरघळलेले नायट्रेट तितके धरत नाही. बेसाल्टमधून सुटणारी सिलिकाही जलाशयातल्या शैवालांत अडकून तळाला जाते. डायॅटमना सिलिका आणि नत्र साधारण सारख्या प्रमाणात लागतात, आणि हीच कवचधारी शैवाले माशांच्या अन्नसाखळीच्या बुडाशी असतात. सिलिका घटली की दुसरी, कमी कामाची शैवाले माजतात.

हा धागा थेट उसाच्या फडात येतो. सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे युरियाची ४५ किलोची बारा पोती, एकरी सुमारे पाच. ती चार हप्त्यांत द्यायची: लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि बांधणीला उरलेले चाळीस. प्रत्यक्षात दोन हप्ते होतात, तेही मोकाट पाण्याच्या आदल्या दिवशी. उघड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रातल्या गाळपेरीत दिलेले खत तर पुढच्या पावसात सरळ जलाशयातच जाते. उपसागरासाठी मराठवाड्यात आज करण्यासारखे सर्वांत स्वस्त काम कोणते, तर हे हप्ते पाळणे. त्यात शेतकऱ्याचाही तोटा नाही.

बाभळीचे दरवाजे

पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरीपासून ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, दिग्रस, अंतेश्वर, विष्णुपुरी, आमदुरा, बळेगाव आणि शेवटी बाभळी अशी बंधाऱ्यांची माळ आहे. हे बंधारे जायकवाडीसारखे नाहीत. त्यांचे दरवाजे नदीच्या तळाजवळून उचलता येतात. उचलले की नदी पुन्हा नदीसारखी वाहते आणि गाळ, वाळूसकट, पुढे जातो. इथे परिचालनाने फरक पडतो.

बाभळीचा साठा २.७४ टीएमसी. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. नियम पाणीवाटपाचा. नदीच्या गाळाच्या दृष्टीने मात्र तो नकळत जवळपास आदर्श झाला आहे, कारण गोदावरीचा ९५ टक्क्यांच्या आसपास गाळ पावसाळ्यातच वाहतो. धर्माबाद परिसरातल्या शेतकऱ्यांची तक्रारही खरी आहे. २८ ऑक्टोबरला दरवाजे टाकायचे तर पाऊस गेलेला असतो आणि बंधारा भरायला पाणीच उरत नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र बसवता येतात. जून-जुलैच्या पहिल्या पुरांत माती सर्वांत जास्त असते, कारण राने उघडी असतात. सप्टेंबरपर्यंत पीक जमीन झाकते आणि त्याच विसर्गाला पाणी तुलनेने निवळ असते. म्हणून वरच्या बंधाऱ्यांवर पहिले पूर दरवाजे पूर्ण उघडे ठेवून जाऊ द्यावेत आणि साठा ऑगस्टअखेरनंतर करावा. धोका अर्थात सप्टेंबर कोरडा जाण्याचा, तो मराठवाड्यात जातोही. अडचणी आणखी आहेत. दरवाज्यांच्या खाचांत गाळ आणि जलपर्णी अडकते, रबरी पट्ट्या फाटतात, एक दरवाजा अर्ध्यावर राहिला की त्याच्या शेजारी तळ खणला जातो. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दरवाजा एकदा पूर्ण वर नेऊन पाहणे एवढे झाले तरी यातले निम्मे टळते.

बाभळीतून सुटलेला बहुतेक गाळ पुढे श्रीरामसागरात बसतो, हे विसरून चालणार नाही. मोठ्या पुरातच बारीक चिकण त्याच्याही पलीकडे जाते. त्यामुळे ही पद्धत बंधारे आणि त्यांच्यामधली नदी वाचवते, उपसागराला त्यातून थोडेच मिळते. १९८०च्या गोदावरी लवादाने पाणी वाटले, पैठणपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राला दिले. गाळाला त्यात वाटेकरी नव्हता. नाशिक-नगरने पाणी अडवले ही तक्रार मराठवाड्याला तोंडपाठ आहे. खालच्यांसाठी आपणही वरचे आहोत, हे आठवायला बाभळीपर्यंत जावे लागते.

गाळ काढून शेतात टाकला तर

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेने पाझर तलाव आणि लहान तलावांत चांगले काम झाले. जायकवाडीला तीच पद्धत लावा म्हणणाऱ्यांनी एक गुणाकार करावा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे एक टीएमसी गाळ म्हणजे एक कोटी ब्रास. पाच ब्रासच्या हायवा ट्रकला वीस लाख खेपा. मार्च ते मध्य जून हे शंभर दिवस धरले तर रोज वीस हजार खेपा, आणि एवढे करून साठा वाढतो एक टक्का. मोठ्या धरणात गाळकाढणी काठाकाठाने, गावच्या गरजेपुरतीच परवडते. तिथेही रोहित पक्षी ज्या उथळ चिखलावर उतरतात तो पट्टा सोडावा लागतो, कारण जलाशय १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे.

टाकायचा कुठे, हेही ठरवून टाकावा. एकरी ४० ब्रास म्हणजे रानावर जेमतेम इंचभर थर. मुरमाड, हलक्या रानाला तो सोने आहे. भारी काळ्या रानात, जिथे चिकण आधीच निम्म्याहून जास्त आहे, तो टाकला तर निचरा आणखी बिघडतो. तळातला निळसर काळा, कुजकट वासाचा गाळ थेट पिकात जाऊ नये. महिनाभर उन्हात पसरून, एकदा सामू आणि क्षारता तपासून मगच मिसळावा. आणि बांध नसलेल्या उताराच्या रानात टाकलेला गाळ पहिल्याच वळवात पुन्हा तलावात येतो, तेव्हा आधी बांध, मग गाळ.

मोजणी

या प्रकरणातला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे पैठण ते बाभळी या पट्ट्यात पुराच्या वेळी गावपातळीवर गाळ मोजला जात नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला ते अवघड नाही. पुलावरून तीन जागी, दोन्ही काठांकडे एकेक आणि मध्ये एक, वजन बांधलेली एक लिटरची बाटली सारख्या वेगाने तळाजवळ नेऊन वर आणायची, म्हणजे सगळ्या खोलीचे पाणी तीत येते. नुसते वरचे पाणी भरले तर वाळू हाताला लागतच नाही, ही नेहमीची चूक. पूर चढताना दर दोन तासांनी नमुना घ्यावा, उतरताना सहा तासांनी चालेल. चढत्या पुरात गाळ जास्त असतो, आणि लोक नेमके पूर ओसरल्यावर पुलावर जातात.

प्रयोगशाळेत आधी वजन केलेल्या ०.४५ मायक्रॉनच्या गाळणकागदातून पाणी गाळायचे, १०५ अंशांवर वाळवायचे, पुन्हा वजन करायचे. काळी चिकण कागद लगेच बुजवते, म्हणून लिटरभर ओतण्याच्या भानगडीत न पडता शंभर-दोनशे मिलिलिटरच घ्यावे. मग हिशेब: विसर्ग क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर), गाळ लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, दोहोंच्या गुणाकाराला ०.०८६४ने गुणले की दिवसाचे टन मिळतात. उदाहरणादाखल ५०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट) म्हणजे १,४१६ क्युमेक, लिटरला ५०० मिलिग्रॅम गाळ धरला तर दिवसाला ६१ हजार टन. विसर्गाचा आकडा पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पत्रकात असतो, पण त्याची वेळ आणि नमुन्याची वेळ जुळवून घ्यावी. बाटलीवर तारीख, तास, पुलाचा गाळा आणि पूर चढता की उतरता, एवढे शिसपेन्सिलीने लिहावे. शाईचे पावसात काही उरत नाही.